कालचं हवामान सांगणारे आर्कादी ल्वोविच

पार्टीत कुणी विचारायचं, "काकू, सॅटरडेला बॅकयार्डमध्ये बर्थडे ठेवलाय, पाऊस येईल का हो?" मी म्हणायचे, "शनिवारचं मला रविवारी विचार." लोकांना वाटायचं, बाई भाव खाते. पण खरंच सांगते, बावीस वर्षं मी हवामानाच्या ऑफिसात नोकरी केली आणि उद्याचं हवामान एकदाही सांगितलं नाही. आमचा धंदा कालच्या हवामानाचा होता.

जरा समजावून सांगते. या देशात कुणी कुणाच्या दारात घसरून पडलं, कुणाचं झाड शेजाऱ्याच्या गाडीवर आडवं झालं, गारांनी कुणाचं छप्पर फुटलं, की प्रकरण वकिलांकडे जातं. पडलेला म्हणतो, पायरीवर बर्फ होता. घरमालक म्हणतो, छे, चक्क ऊन होतं. मग दोघांपैकी एकाचा वकील आमच्याकडे यायचा. आम्ही विमानतळावरच्या नोंदी, रडारची चित्रं, कुणाकुणाच्या डोअरबेल कॅमेऱ्यातले व्हिडिओ गोळा करायचो आणि त्या दिवशी, त्या वेळी, त्या पायरीवर काय असावं याचा रिपोर्ट लिहायचो. रिपोर्टखाली सही असायची आर्कादी ल्वोविच यांची.

नेपरव्हिलमध्ये एका डेंटिस्टच्या डोक्यावर दोन खोल्या, एवढंच आमचं ऑफिस. मालक शिकागोत राहायचे आणि ख्रिसमसच्या सुमारास उगवायचे. बाकी वर्षभर तिथे आम्ही तिघंच: आर्कादी ल्वोविच, मी आणि पुराव्याच्या गारा ठेवायचा एक भला मोठा डीप फ्रीझर. खालून ड्रिलचा आवाज आला की आर्कादी ल्वोविच गालावर हात ठेवून थोडा वेळ काम थांबवायचे. दातांना ते फार घाबरत. ढगांना मात्र नाही.

नावापासूनच त्यांची गंमत होती. अमेरिकन वकील त्यांना 'आर्ची' म्हणायचे आणि ते नुसते सहन करायचे. मी पहिल्या दिवशी 'सर' म्हटलं तर म्हणाले, "आमच्याकडे माणसाला त्याच्या नावानं आणि वडिलांच्या नावानं हाक मारतात. माझे वडील लेव, म्हणून मी ल्वोविच. तुमच्या वडिलांचं नाव काय?"

"मधुकर."

"मग तुम्ही सुनंदा मधुकरोव्ना."

मी त्यांना सांगितलं की वडिलांचं नाव मधे लावायची पद्धत आमच्याकडेही आहे, फक्त बायकांचं लग्न झालं की तिथे नवऱ्याचं नाव येतं. ते विचारात पडले. "म्हणजे नवरा हा दुसरा बाप?" हे घरी सांगितलं तेव्हा श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, दोन दिवस माझ्याशी वडीलधाऱ्या आवाजात बोलत होता.

आर्कादी ल्वोविच मूळचे व्होल्गाकाठच्या एका लहानशा गावातले. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. मुलगा लेनिनग्राडला जाऊन फिजिक्स शिकला, ढगात गार कशी वाढते यावर डॉक्टरेट केली आणि मग कॉकेशसच्या डोंगरात नोकरीला लागला. नोकरी कसली, तर ढगांवर रॉकेटं डागायची. मला आधी वाटलं चेष्टा करतायत. पण तिकडे खरोखरच द्राक्षमळे वाचवायला काळ्या ढगात रॉकेटनं रसायन सोडायचे. मोठ्या गारांऐवजी बारक्या व्हाव्यात, वाटेतच वितळाव्यात, ही कल्पना. मी नागपूरची. गारांनी संत्र्यांचा आंबिया बहार झोडपलेला लहानपणी पाहिलेला. मी श्रद्धेनं विचारलं, "उपयोग व्हायचा?" ते म्हणाले, "रॉकेट वर जायचं, एवढं नक्की."

पुढे त्यांचा देश फुटला, संस्था बंद पडली आणि पन्नाशीत ते बायको-मुलीला घेऊन इकडे आले. पहिली तीन वर्षं हा बर्फातला डॉक्टर एका सुपरमार्केटमध्ये फ्रोजन भाज्यांची कपाटं भरत होता. ते याबद्दल कधी कुरकुरले नाहीत. उलट म्हणायचे, "रशियन बर्फ मला येत होता. अमेरिकन बर्फ तिथे शिकलो."

या शिक्षणाचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला. छपरं बसवणारा एक गृहस्थ आइसबॉक्स घेऊन आला. आत बेसबॉलएवढी गार. म्हणाला, अशाच पडल्या, मी एक जपून ठेवली, आता गिऱ्हाइकाचं सगळं छप्पर बदलायला लागणार, तसा रिपोर्ट द्या. आर्कादी ल्वोविचनी गार करवतीनं मधोमध कापली, पापडाएवढी पातळ चकती घासून काढली आणि गॉगलच्या असतात तशा दोन काचांमध्ये धरून उजेडात पाहिली. खरी गार कांद्यासारखी असते, थरावर थर, कारण ती ढगात वर-खाली होत वाढते. या गारेत थर नव्हते. सगळे स्फटिक बाहेरून आत गेलेले, साच्यात गोठवलेल्या पाण्यात जातात तसे. मग त्यांनी तिचा वास घेतला.

"वाटाणे," ते म्हणाले.

"एक्स्क्यूज मी?"

"हा ढग," आर्कादी ल्वोविच अत्यंत नम्रपणे म्हणाले, "फ्रोजन वाटाण्यांच्या वर होता की खाली?"

तो माणूस आइसबॉक्स तिथेच टाकून गेला. तो आम्ही पुढे अनेक वर्षं डब्यांसाठी वापरला.

आता त्यांचा दुर्गुण सांगते. हा माणूस 'हो' म्हणत नसे. कॉफी घेणार का विचारलं तर "शक्यता आहे". मी चार वाजता निघू का विचारलं तर "विरोधी पुरावा नाही". घरी अशी बोलणारी माणसं नशिबी येतात, ती आपण चालवून घेतो. पण वकिलाला साक्षीदार हवा असतो 'हो' म्हणणारा. आर्कादी ल्वोविच रिपोर्टमध्ये 'बहुधा', 'असावा', 'नाकारता येत नाही' असं पेरत जायचे आणि वकिलांचे चेहरे उतरत जायचे. काही जण दुसऱ्यांदा आलेच नाहीत. मालक ख्रिसमसला येऊन तेच बोलत, आणि आर्कादी ल्वोविच त्यांना केक देत.

या सवयीनं एकदा खरोखर कुणाचंतरी नुकसान होणार अशी वेळ आली. ते प्रकरण रूथचं.

रूथ शाळेची पिवळी बस चालवायची. पन्नाशी ओलांडलेली, रुंद खांद्यांची बाई. वीस वर्षांत तिच्या बसला ओरखडा नव्हता. नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गावाबाहेरच्या छोट्या पुलावर तिची बस घसरली आणि कठड्यावर आदळली. एका मुलीचा हात मोडला, बाकी मुलं बचावली. बस चालवणाऱ्या कंपनीनं रूथला काढून टाकलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: त्या वेळी विमानतळावर पस्तीस डिग्री फॅरनहाइट होतं, बर्फ व्हायला बत्तीस लागतं, पाऊस नव्हता, हिमवर्षाव नव्हता. रस्ता कोरडा होता, बाईचं लक्ष नव्हतं. रूथ म्हणत होती, पूल काचेसारखा होता. तिच्या युनियनचा वकील ब्रायन तिला घेऊन आमच्याकडे आला.

"ते माझं काम घेतात ते घेऊ देत," रूथ म्हणाली. "पण त्या मुलीची आई मला ग्रोसरीत दिसली आणि तिनं कार्ट वळवली. मी झोपले नव्हते, फोनवर नव्हते. मला फक्त तेवढं कुणीतरी सांगायला हवंय."

आर्कादी ल्वोविच तिला म्हणाले, "पूल रस्त्यापेक्षा लवकर थंड होतो. रस्त्याला खालून जमिनीची ऊब असते. पुलाच्या खाली नुसती हवा. आणि विमानतळाचा थर्मामीटर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर असतो, रस्त्यावर झोपलेला नसतो."

हे तुम्हालाही माहीत आहे. फोन पस्तीस दाखवत असतो आणि तुम्ही ड्राइव्हवेमध्ये गाडीची काच खरवडत असता. आकाश मोकळं आणि वारा बंद असला की जमिनीलगतच्या वस्तू हवेपेक्षा जास्त गार होतात. पुलाखाली नदी असेल तर वाफ आयती मिळते. ती गोठून तिचं पांढरं दव पुलावर बसतं.

पण असं असतं हे सांगणं वेगळं आणि त्या पुलावर तसं होतं हे सांगणं वेगळं. म्हणून डिसेंबरात तीन वेळा, माझ्या तक्त्यात त्या सकाळचं होतं तसंच मोकळं आकाश असलेल्या पहाटे, आम्ही त्या पुलावर गेलो. आर्कादी ल्वोविच गुडघे टेकून डांबराला थर्मामीटर लावायचे, मी टॉर्च धरून आकडे लिहायचे आणि जाड पार्का कोटातून माझे फक्त डोळे दिसायचे. दुसऱ्या दिवशी पोलिसाची गाडी थांबली.

"मॅम, इज ही ओके?"

"ही इज अ डॉक्टर," मी म्हटलं.

"आणि पेशंट?"

"द ब्रिज," आर्कादी ल्वोविच खालूनच म्हणाले. "ताप उतरलाय. फार उतरलाय."

पोलिसानं आपली गाडी दिवे लावून आमच्यामागे उभी केली, कुणी उडवू नये म्हणून. मी त्याला थालीपीठ दिलं. तिन्ही दिवस पुलाचा पृष्ठभाग बत्तिसाच्या खाली होता आणि दोन दिवस त्यावर पांढरं दव होतं. रिपोर्ट गेला. त्यात चक्क 'बर्फ असणारच अशी परिस्थिती होती' असं वाक्य होतं. ब्रायननं फोन करून विचारलं, "आर्ची आजारी आहे का?"

सुनावणीच्या आदल्या दुपारी मी फाइल लावत होते. विमानतळाच्या नोंदी जागतिक वेळेत असतात. शिकागोची वेळ काढायला उन्हाळ्यात त्यातून पाच तास वजा करायचे आणि नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की सहा. मी वीस वर्षं हे करत होते. रूथच्या तक्त्यात मी पाचच वजा केले होते.

म्हणजे मी ज्या ओळीला 'सकाळी सात, आकाश मोकळं' लिहिलं होतं, ती ओळ सहाची होती. खऱ्या सातच्या ओळीत आकाश ढगांनी भरलेलं होतं. ढग आले की पांघरूण घातल्यासारखं होतं, जमीन पुन्हा हळूहळू गरम व्हायला लागते. सहाला पुलावर दव असणारच. सात वाजून दहाला? असेल. किंवा वितळायला लागलं असेल.

मी पहिला फोन श्रीकांतला केला. तो म्हणाला, "समोरच्या वकिलाला कळलंय का?"

"नाही."

"मग यार, तू कशाला... म्हणजे, ती बाई खरं बोलतेय ना?"

"बोलतेय."

"मग?"

मलाही तेच वाटत होतं, हे कबूल करते. तरी मी तक्ता उचलून आतल्या खोलीत गेले आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोन्ही ओळी बोटानं वाचल्या. मी म्हटलं, "कुणाच्या लक्षात आलेलं नाही. आणि रूथ खोटं बोलत नाहीये."

"बसा, सुनंदा मधुकरोव्ना," ते म्हणाले.

मग त्यांनी मला कॉकेशसमधली एक गोष्ट सांगितली. तोपर्यंत मला त्यांच्या रॉकेटांचे फक्त विनोद माहीत होते. एका वर्षी गारा पडल्याच नाहीत. वरून एक माणूस आला. म्हणाला, लिहा, आमच्या रॉकेटांमुळे मळे वाचले. "गारा पडल्या नव्हत्या हे खरं होतं," आर्कादी ल्वोविच म्हणाले. "रॉकेटांमुळे की ढगांच्या मर्जीमुळे, ते मला माहीत नव्हतं. मी लिहिलं, रॉकेटांमुळे. सगळे खूश झाले. पुढच्या वर्षी खोऱ्यातल्या लोकांनी द्राक्षांवर जाळ्या घातल्या नाहीत. कशाला घालतील? शास्त्रज्ञानं सही केली होती. मग गारा आल्या. आमच्याकडे होती तेवढी सगळी रॉकेटं आम्ही सोडली. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा मला त्याच्या मळ्यात घेऊन गेला. एक शब्द बोलला नाही. एकेका वेलापाशी थांबायचा, दाखवायचा, पुढे जायचा. मळा मोठा होता."

खालून ड्रिल सुरू झालं. त्यांनी गालावर हात ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सुनावणी होती. लवाद म्हणून एक वयस्क बाई होत्या. आर्कादी ल्वोविचनी शपथ घेतली आणि ब्रायननं तोंड उघडायच्या आधी म्हणाले, "माझ्या रिपोर्टमध्ये चूक आहे. वेळ एका तासानं चुकली आहे. सात वाजता ढग होते."

ब्रायनचा चेहरा मला मागूनही दिसला, कारण त्याचे कान लाल झाले. समोरचा वकील उठला. "म्हणजे त्या वेळी पुलावर बर्फ होता हे तुम्ही सांगू शकत नाही?"

"खात्रीनं नाही."

"पूल कोरडा असू शकतो?"

"असू शकतो. दव एकदा बसलं की ढग आल्याबरोबर जात नाही, त्याला वेळ लागतो. पैज लावायची असेल तर मी बर्फावर लावीन. पण इथे मी पैज लावायला आलेलो नाही."

"ही चूक कशी झाली, डॉक्टर?"

"माझ्या सहीच्या वर झाली," ते म्हणाले.

मी दुसऱ्या रांगेत बसले होते. उठून 'तक्ता मी केला होता' एवढंच म्हणायचं होतं. मी पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. उठले नाही. माझ्या नोकरीतली ही एकच गोष्ट मला मुलीला सांगायला वेळ लागला. शेवटी सांगितली तेव्हा अनुजा म्हणाली, "आई, दॅट्स सो अनलाइक यू." मला तसं वाटत नाही. मी तशीच होते म्हणून बसून राहिले.

बाहेर कॉरिडॉरमध्ये रूथ आमच्यासमोर उभी राहिली. "तुम्हाला फक्त 'यस' म्हणायचं होतं," ती म्हणाली. "एक शब्द."

"हो," आर्कादी ल्वोविच म्हणाले. वीस वर्षांच्या ओळखीत त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा बहुधा पहिला 'हो'. त्यावर हसू येईल अशी ती वेळ नव्हती. रूथ निघून गेली.

निकाल तीन आठवड्यांनी आला. लवादांनी लिहिलं होतं की बर्फ होता हे सिद्ध झालं नाही, पण बाईचा निष्काळजीपणाही सिद्ध झाला नाही. नोकरी परत द्यावी, मात्र उन्हाळ्यापर्यंत तिनं बस चालवू नये आणि नव्यानं ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी. वीस वर्षं गाडी चालवलेल्या बाईला टेस्ट! ती चिडली असणार, पण तिनं दिली आणि पास झाली, असं ब्रायनकडून कळलं. रूथचा फोन आला नाही. मी दोनदा तिचा नंबर काढला आणि ठेवून दिला.

आर्कादी ल्वोविचनी मात्र निकालातली एक ओळ धरून ठेवली. 'या पुलावर धोक्याची सूचना देणारी पाटी नाही,' असं त्यात जाता जाता म्हटलं होतं. त्यांनी रस्त्यांच्या सरकारी ऑफिसला अर्ज केला. तिथल्या फॉर्मवर प्रश्न होता, 'पूल गोठतो का?' आणि पुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. आर्कादी ल्वोविचनी पट्टी घेऊन तिसरा चौकोन आखला. अर्ज परत आला. त्यांनी पुन्हा तिसरा चौकोन आखला, या वेळी जास्त सुबक. तो परत आला. मी म्हटलं, "अहो, लोकांच्या भल्यासाठी एकदा 'हो'वर खूण करा ना!" ते म्हणाले, "जुलैत गोठत नाही." तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही चौकोन रिकामे ठेवले आणि आमच्या तिन्ही पहाटेचे आकडे लावून अकरा पानांचं पत्र जोडलं. ऑफिसातल्या बाईंनी मला फोन केला. "तुमचे डॉक्टर असेच आहेत का?" मी म्हटलं, "विरोधी पुरावा नाही."

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर त्या बाईंचा पुन्हा फोन आला. पाटी लागली होती.

आम्ही दुसऱ्याच दिवशी सकाळी बघायला गेलो. पिवळी, हिऱ्याच्या आकाराची, नवीकोरी पाटी. 'ब्रिज मे आइस बिफोर रोड.' आर्कादी ल्वोविच टोपी काढून तिच्यासमोर उभे राहिले.

"मे," ते म्हणाले. "बघा. सरकारनं लिहिलंय. मे."

मी त्यांना सांगितलं की आमच्या भाषेतही असंच होतं. 'गोठतो' वेगळं आणि 'गोठू शकतो' वेगळं. त्यांनी 'शकतो' तीन-चारदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "माझा फोटो काढा. याच्याबरोबर." एवढ्या वर्षांत त्यांनी कधी फोटो काढू दिला नव्हता. मी फोन काढला, त्यांनी कोटाची बटणं लावली, पाटीच्या खांबावर हात ठेवला आणि पोट आत घेतलं.

तेवढ्यात मागून पिवळी बस आली आणि आमच्यापाशी थांबली. खिडकी सरकली. रूथ होती. मागे काचांना नाकं लावून मुलं बघत होती. रूथनं पाटीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी म्हटलं, "रूथ, तो तक्ता मी केला होता. वेळ मी चुकवली."

ती म्हणाली, "आय नो, हनी. तुझ्या पर्सची चेन मला सबंध वेळ ऐकू येत होती."

आणि आर्कादी ल्वोविचना म्हणाली, "सो, डॉक्टर. आज बर्फ आहे की नाही?"

ते खांब सोडून पुलावर गेले. हातमोजा काढला, खाली वाकले आणि तळवा डांबरावर ठेवून बराच वेळ तसेच राहिले. बसमागे तीन गाड्या थांबल्या. कुणी हॉर्न वाजवला नाही. मग ते उठले, रस्त्याच्या कडेला झाले आणि रूथला हातानं खूण केली: या, पण हळू.

रूथ हळू गेली.